खालच्या गावाचे काय झाले?

सोनाळा, जि. बुलढाणा
गुरुवार, १४ सप्टेंबर १९६१

तीर्थस्वरूप वामनमामांना अन्नपूर्णाचा नमस्कार.

मागच्या कार्डात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. "तुमची 'मेघगडचे मांत्रिक' ही कादंबरी आमच्या आळीतल्या बायकांनी वाचली आणि सगळ्यांना फार आवडली," असे मी लिहिले होते. ते खरे नाही. वाचली मी एकटीने. बायकांनी ती ऐकली. त्यांच्यापैकी कुणालाच अक्षर येत नाही. कार्डावर जागा थोडी होती, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण 'ऐकली' हा शब्द काही 'वाचली'पेक्षा लांब नाही. ते कार्ड तुम्ही कुणाला दाखवले असेल, तर हे पत्रही दाखवा.

तुम्हाला माहीत आहे, पाचवीपर्यंत मला आत्याने घरीच शिकवले. चुकलेले अक्षर ती पुसू देत नसे. त्याच्या डोक्यावर बरोबर अक्षर लिहायचे, म्हणजे चूकही दिसत राहील. ती सवय गेलेली नाही.

झाले ते असे. दर श्रावणात शेजारच्या अंबूबाईंच्या अंगणात पोथी लागते. अंगण मोठे आहे आणि अंबूबाईंचा आवाज त्याहून मोठा. पोथी वाचणारे उकंडराव यंदा मुलाकडे खामगावला गेले, म्हणून वाचन माझ्याकडे आले. पोथी लहान होती, श्रावण संपायच्या आत संपली. "उरलेले दिवस रिकामे काऊन ठेवाचे?" असे बायका म्हणत होत्या आणि तुमचे पार्सल आले. पुस्तक मळू नये म्हणून मी त्याला पोथीचेच लाल फडके गुंडाळले आणि चौरंगावर ठेवले. मी एवढेच केले. त्याला कुंकू कुणी लावले, ते मला खरेच माहीत नाही.

ही पोथी नाही, कादंबरी आहे, माझ्या मामांनी मनाने रचलेली आहे, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले. तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "पोथीबी कोनाच्या तरी मामानंच लिवली असन ना वं!" आणि सगळ्या हात जोडून बसल्या.

आता मते. तुम्ही खरी मागितली होती, म्हणून त्यांत साखर घालत नाही.

कौशल्याबाईंना राग आला आहे. "किल्ला आभाळात, मंग इहीर कुठं हाये? मांत्रिक बसले मंत्र म्हनत, पन त्याईच्या आंघोळीले पानी कोन भरते?" मी म्हटले, ढगातच किल्ला आहे, पावसाचे पाणी मिळत असेल. त्या म्हणाल्या, "मंग उन्हाळाभर मांत्रिक पारोसे का?"

कय्यूम पिंजाऱ्यांची बायको बिलकिस म्हणते, "माह्या नानीच्या किस्स्यात जिन अख्खा महाल उचलून नेते. पन ठेवाच्या आंधी इचारते, कुठं ठेवू? तुह्या मामाचा किल्ला कोनाले इचारतच नाही."

आमच्या गावात विंचू उतरवणारे इंद्रभान आहेत. ते बायकांत बसत नाहीत, पण रोज भिंतीपलीकडे दोरी वळत बसत. त्यांचे मत वाईट पडले. "मंत्र असा मोठ्यानं छापत असतेत का? मंत्र चौघात बोलला का त्याचा गुन जाते. म्हनून तं त्या बुढ्या मांत्रिकाचा आवाज बसला न् किल्ला पडू राह्यला!"

शेवटच्या दिवशी मी शेवटच्या ओळी वाचल्या : 'मेघगड खाली येऊ लागला. खाली एक खेडे होते.' पुस्तक मिटले. अंबूबाई समाप्तीचा नारळ हातात घेऊन उभ्या होत्या.

"पुढं?"

"पहिला भाग संपला."

"खालच्या गावाचं का झालं?"

"लिहिलेले नाही."

"अर्धी पोथी ठेवत नसतेत पोरी," असे म्हणून त्या नारळ परत घेऊन गेल्या. प्रसाद झालाच नाही. सगळ्या घरी गेल्या, आणि तेव्हापासून कुणी ना कुणी रोज मला विहिरीवर विचारते. दुसरा भाग केव्हा येणार, मामा?

आपली,
अन्नपूर्णा

•

पुणे
२७ सप्टेंबर १९६१

चि. अन्नपूर्णेस वामनमामाचे आशीर्वाद.

तुझे कार्ड मी प्रकाशकांना दाखवून मोकळा झालो होतो. मग दुरुस्तीही दाखवली. ते म्हणाले, "लेखकापेक्षा भाची प्रामाणिक दिसते."

उन्हाळ्यातल्या पारोशा मांत्रिकांचा प्रश्न वाचला तेव्हा मी चित्रकलेच्या वर्गात होतो. मला एवढे हसू आले की मुलांना वाटले, सुट्टी मिळणार. इथे एका मासिकात परीक्षण आले आहे : 'मोठ्यांना पोरकट वाटेल आणि पोरांना कळणार नाही.' दुसऱ्या एका विद्वानांनी रस्त्यात गाठून विचारले की उडता किल्ला हे कशाचे प्रतीक. मी काय सांगणार? मेहकरला लहान असताना मला ढगांत बुरूज दिसत. ते मोठेपणी लिहिले. पाणी कोण भरते, हे कुणीच विचारले नाही. मीही नाही.

आता वाईट बातमी. दुसरा भाग नाही. जुलैत पानशेतचे पाणी आमच्या खोलीत आढ्याला लागले, त्यात लिहून झालेली पाने गेली. माणसे वाचली, तेवढे पुष्कळ. पाने गेल्याचे मला दुःखही झाले नाही, हे तुला म्हणून सांगतो. पहिल्या भागाचे गठ्ठे मात्र गोदामात उंचावर होते, ते कोरडे राहिले. प्रकाशक म्हणतात, "न खपणारी पुस्तके बुडतसुद्धा नाहीत." दुसरा भाग ते छापणार नाहीत आणि मी लिहिणार नाही. अंबूबाईंना सांग, माझ्या नावाने नारळ फोडा आणि खाऊन टाका.

तरी ती मते एका कागदावर नीट लिहून पाठव. एकदा प्रकाशकांपुढे ठेवीन, म्हणजे माझ्याही मनाला रुखरुख नको.

तुझा,
वामनमामा

•

सोनाळा
गुरुवार, १२ ऑक्टोबर १९६१

तीर्थस्वरूप वामनमामांना नमस्कार.

पुराचे ऐकून बायका हळहळल्या. तुमच्या खोलीतली भांडी तरी राहिली का, असे विचारीत होत्या. मग मी सांगितले की दुसऱ्या भागाची पाने गेली, आता तो भाग येणार नाही. यावर अंबूबाई म्हणाल्या, "पानं गेली तं गेली. मांत्रिक तं जिता हाये ना?" मांत्रिक म्हणजे तुम्ही. पुढे म्हणाल्या, "किल्ला वर त्यानं नेला. आता खाली उतरवाले कोन यीन, तलाठी?"

नारळ त्यांनी फोडला नाही. फोडणारही नाहीत.

तुम्ही म्हणता तशी मते वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवली आहेत. त्यांतले पहिले मत कौशल्याबाईंचे आहे, तेवढे कृपा करून तुम्ही स्वतः वाचा. गेल्या आठवड्यात निंदणीला बसलो असताना बोलणे निघाले की किल्ला पडतो आहे हे दिसल्यावर खालच्या गावातले लोक काय करतील. कुणी म्हणाले, रानात पळतील. कुणी म्हणाले, आधी गुरे सोडतील. कौशल्याबाईंनी उपटलेल्या तणाची जुडी बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "पळता येनारे पळतीन वं. पन त्या गावात एखादी बाळंतीन असनच. ते कशी पळन?"

मामा, मी ती कादंबरी मोठ्याने एकदा आणि मनात पुष्कळदा वाचली आहे. 'खाली एक खेडे होते' ही ओळ मी वाचली, पण ते खेडे मला दिसले नव्हते.

वाचन सध्या बंद आहे. कापूस फुटायला लागला, बायकांना सवड नाही. दुसरेही एक कारण आहे, पण ते लिहिण्याजोगे नाही.

आपली,
अन्नपूर्णा

•

पुणे
२ नोव्हेंबर १९६१

चि. अन्नपूर्णेस आशीर्वाद.

कसे लिहावे ते समजत नाही, म्हणून सरळ लिहितो. तुझा कागद प्रकाशकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मास्तर, बायका पुष्कळ आणि हस्ताक्षर एकच. शिवाय कुणाचे ऱ्हस्वदीर्घही चुकत नाही. तुमची भाची हुशार आहे. पुढची कादंबरी तिलाच लिहू द्या."

मी म्हटले, ती लेखनिक आहे, मते बायकांची आहेत. ते म्हणाले, "मी तिला खोटारडी म्हणत नाही. पण बाळंतिणीचे ते मत अक्षरशत्रू बाईने दिले, हे मला पटत नाही. निदान कागदावर अंगठे तरी उठवून आणायचे."

माणूस दुष्ट नाही. पुराने त्याचेही पुष्कळ नेले आहे. पण मी तिथून उठलो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. हा विषय आपण इथेच संपवू. दिवाळीचा फराळ कर, आईला नमस्कार सांग.

वामनमामा

•

सोनाळा
सोमवार, २० नोव्हेंबर १९६१

तीर्थस्वरूप वामनमामांना नमस्कार.

विषय संपवता येत नाही, याची क्षमा असावी.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. खोटे लिहिले, असे मला आजवर कुणी म्हटले नव्हते. नंतर विचार केला, तेव्हा दिसले की प्रकाशकांच्या म्हणण्यात थोडे खरे आहे. बायका 'त्याले' म्हणाल्या होत्या, मी 'त्याला' लिहिले. पुण्याला कागद जाणार, बायकांना कुणी हसू नये, म्हणून मी त्यांचे बोलणे धुऊन पुसून पाठवले. मग ते माझेच दिसणार. ते करायला नको होते.

तुमचे पत्र बायकांना वाचून दाखवावे की नाही, हे ठरवायला मला आठवडा लागला. शेवटी दाखवले. अंगठ्याचे ऐकताच अंबूबाई उसळल्या. "अंगठा? माह्या सासऱ्यानं जन्मात एकदा अंगठा देल्ला, तं नाल्यावरचं वावर गेलं. आता या पुस्तकवाल्याले अंगठा देऊन मेघगडाचा सातबारा त्याच्या नावानं करून देऊ का?"

बिलकिस हसत सुटली. कौशल्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "थो म्हनते ते मत माह्यं नाही? मंग कोनाचं हाये? बाळंतपनं त्यानं केली का मी?"

मग अंबूबाईंनी मला विचारले, "लिवाले शिकाले किती दिस लागते वं?"

मी म्हटले, आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, नीट शिकायचे तर वर्ष जाईल.

"एवढं सारं कायले पायजे? मले का कचेरीत बसाचं हाये? मले एकच मत लिवाचं हाये. त्या मतात जेवढी अक्षरं हायेत, तेवढी शिकव."

मामा, असे शिकवता येते का, मला ठाऊक नाही. आत्याने मला अ पासून शिकवले. क गाळून ख वर जायचीसुद्धा तिच्याकडे सोय नव्हती. हे शास्त्राला धरून नाही, असे मनात येते. पण आजपासून सुरू केले आहे. सगळ्या कापूस वेचणीला जातात, म्हणून दुपारच्या भाकरीच्या वेळी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसतो आणि धुळीत पऱ्हाटीच्या काडीने गिरवतो. कौशल्याबाईंना 'बा' हवा, अंबूबाईंना 'खा' हवा, बिलकिसला 'जि' हवा. आज बिलकिसला 'कुठं' लिहायचे होते आणि 'ठ' अंबूबाईंकडे होता. अंबूबाई म्हणाल्या, "घे, पन वापस आनून दे." मग तो दोघींनी मिळून गिरवला.

मते तयार होतील तेव्हाच पुढचे पत्र लिहीन. मी आता एकही अक्षर दुरुस्त करणार नाही.

आपली,
अन्नपूर्णा

•

सोनाळा
संक्रांत

पुस्तकवाले दादा यास अंबूबाईचा रामराम

हे अक्षर माह्य हाये. वाकड हाये पन माह्य हाये. अंगठा देनार नाही.

आमी जादूगाराच पुस्तक आयकल. मले थो बुढा मांत्रिक आवडला. त्याची लेक आवडली नाही ते नुसती रडते. आवाज बापाचा बसला तिचा कुठ बसला. तिले मंत्र येत असनच. घरात रोज आयकते. तिन म्हनाव.

कवसल्याच मत तिन लिवल हाये. बिलकिसन लिवल. दुसऱ्या बायाईन लिवल. अन्नपूर्णान हात लावला नाही. तिले बापान वाचाले मना केल हाये तरी तिन शिकवल. हे तिन तुमाले सांगतल नसन. ते सांगत नाही मनून मी सांगतो.

किल्ला पडू देऊ नका. खाली लोक हायेत.

अंबूबाई

•

पुणे
गुरुवार, ८ फेब्रुवारी १९६२

चि. अन्नपूर्णेस, आणि सोनाळ्याच्या माझ्या सर्व वाचकांस (हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, त्याची दुरुस्ती नको) आशीर्वाद आणि नमस्कार.

काय लिहू आणि काय नको असे झाले आहे.

तुमचे पुडके पुस्तकावरच्या पत्त्याने थेट प्रकाशकांकडे गेले. मला त्याचा पत्ताच नव्हता. रविवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. दार उघडतो तो प्रकाशक उभे, काखेत तुमचे पुडके. हा माणूस आजवर माझ्या खोलीवर कधी आला नव्हता. आत आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या आईने मला रात्री जेवू दिले नाही."

झाले असे की ते कागद त्यांनी घरी नेले. कौशल्याबाईंचा कागद त्यांना लागेना. अक्षरे ओळ सोडून खाली घसरलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले. म्हणून ते मोठ्याने वाचत बसले. त्यांच्या आईला लिहिता-वाचता येत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. आई चुलीपाशी होती. 'बाळंतीन कशी पळन' हे ऐकून ती बाहेर आली आणि म्हणाली, "मग खालच्या गावाचे काय झाले?" हे म्हणाले, दुसरा भाग निघालेला नाही. "का निघाला नाही?" हे म्हणाले, मीच छापला नाही. ताट तिथेच थांबले!

"लिहा," ते मला म्हणाले. "पावसाळ्यापर्यंत द्या."

अन्नपूर्णे, मीही तुझ्यापासून एक गोष्ट राखून ठेवली होती. ऑक्टोबरात तुझे बाळंतिणीचे पत्र आले, त्याच संध्याकाळी मी लिहायला बसलो होतो. छापायचे नाही, दाखवायचे नाही, असे ठरवून रोज लिहीत गेलो. मी ट्रंक उघडली आणि प्रकाशकांच्या मांडीवर पाने ठेवली. त्यांनी पहिल्या प्रकरणाचे नाव वाचले : 'खालचे गाव'. मग ते उठले आणि पाने घेऊन तडक छापखान्यात गेले. जुळणी सुरूही झाली आहे. शेवटची दोन प्रकरणे मात्र मी अंबूबाईंचा कागद वाचून फाडली आणि नव्याने लिहितो आहे. मुलगी यापुढे रडणार नाही. बिलकिसबाईंना सांग, किल्ला आता विचारतो. कुणाला विचारतो, ते सांगणार नाही.

आणखी एक. पुस्तकाच्या शेवटी 'वाचकांची मते' छापायची आहेत. मी म्हटले, छापखान्याच्या खिळ्यांनी जुळवून घ्या. प्रकाशक म्हणाले, "छे! ब्लॉक करायचे. जशी अक्षरे आहेत तशी दिसली पाहिजेत, घसरलेल्या ओळींसकट. उद्या कुणी म्हणायला नको की लेखकाच्या भाचीने लिहिली." आणि स्वतःच ओशाळून हसले. तुझी क्षमा मागितली आहे, असे लिहा म्हणाले. लिहिले.

मार्चच्या अखेरीस पुस्तक तुझ्या हातात पडेल.

आता मुद्द्याचे. रंगरावांनी तुला वाचायला मनाई केली, हे मला अंबूबाईंकडून कळावे? 'लिहिण्याजोगे नाही' ते हेच ना? काय झाले ते कळव. मी त्यांना पत्र लिहितो.

वामनमामा

•

सोनाळा
रविवार, २५ फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप वामनमामांना नमस्कार.

बाबांना पत्र लिहू नका. त्याची गरज उरली नाही. कशी उरली नाही ते सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या मनात त्यांच्याविषयी काही राहणार नाही.

तुमचे पहिले उत्तर आले त्याच सुमारास कय्यूमभाईंना कापसाच्या ढिगात विंचू चावला. इंद्रभान आले, मंत्र टाकला, पण उतार पडेना. शेवटी बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले, तेव्हा बरे वाटले. इंद्रभान चावडीवर म्हणाले, "रंगरावच्या पोरीनं मंत्र चौघात वाचून नासवले. आता माह्या मंत्रालेबी गुन राह्यला नाही." बाबांना गावात चारचौघांत राहायचे आहे. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. "आता वाचू नको," एवढेच म्हटले. मी वाचले नाही. शिकवू नको असे ते म्हणाले नव्हते, म्हणून शिकवले. ही पळवाट होती का, हा विचार मी अजून करते.

तुमचे पत्र आले, ते मी बायकांना वाचून दाखवले. ब्लॉक म्हणजे काय, हे समजावून सांगितले. कौशल्याबाईंनी विचारले, "म्हंजे माह्यं अक्षर पुण्याचे लोक वाचतीन?" मी हो म्हटले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या, "मंग थो 'ळ' जरा नीट काढाले पायजे होता."

अंबूबाई तिथून उठल्या त्या सरळ आमच्या ओसरीवर आल्या. मागे सगळ्या बायका. बाबा सुपारी कातरत होते. योगायोग म्हणावा तर इंद्रभानही तिथेच बसले होते. पण अंबूबाई त्यांना आत जाताना पाहूनच आल्या होत्या, हे मला नंतर समजले.

"काय बे इंद्रभान, त्या पुस्तकातला मंत्र तुह्याच हाये का?"

"माह्या कसा असन? माह्या मंत्र गुरूनं कानात देल्ला हाये. आजवर कोनाले सांगतला नाही."

"बायकोलेबी?"

"तिलेबी नाही!"

"मंग पुन्याच्या मास्तरले कसा ठाऊक झाला?"

"त्याले कसा ठाऊक होईन? त्याचा अलग, माह्या अलग."

"अलग हाये ना? मंग त्याचा वाचला तं तुह्या काऊन नासला?"

इंद्रभान पागोटे सारखे करू लागले. बिलकिस मागून म्हणाली, "इंद्रभानभाऊ, आमच्या घरचा इचू तं पुस्तक आयकाले आलाच नव्हता. त्याले कसं समजलं का मंत्र नासला म्हनून?"

मामा, आधी बाबा हसले. अडकित्ता खाली ठेवून हसले. त्यांना असे हसताना मी फार दिवसांनी पाहिले. मग सगळी ओसरी हसली आणि शेवटी इंद्रभानही. म्हणाले, "तसं नाही बाप्पा, त्या दिशी माह्यालेच जरा सर्दी होती." थोड्या वेळाने हळूच त्यांनी मला विचारले, "त्या बुढ्याचा आवाज मांगून वापस येते का वं?"

"आयकाले ये न् समजून घे," अंबूबाई म्हणाल्या. "पन भिंतीमांगं बसू नको. समोर बस."

बाबा म्हणाले, "मंग अंबूबाई, तुमच्या अंगनात एवढे लोक मावतीन का? मारुतीच्या ओट्यावर वाचू द्या. गडीमानसंबी आयकतीन." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "वाचशीन ना?"

मी लगेच हो म्हणू शकले नाही. अंगणात बायकांपुढे वाचणे वेगळे. मारुतीच्या ओट्यावर आजवर एकही मुलगी वाचायला बसलेली नाही. आवाज शेवटपर्यंत पुरेल की नाही, ही धास्ती आहे. पुस्तकाला पुन्हा फडके गुंडाळावे की नाही, हेही ठरेना. अंबूबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "फडकं राहू दे. पुस्तकाले थंडी वाजते म्हनून गुंडाळतो का आपन? कोनी तरी मन लावून लिवलं, म्हनून गुंडाळतो." मला ते पटले. फडके राहील. पण सुरुवातीला उभी राहून मी मोठ्याने सांगणार आहे की ही कादंबरी आहे, ती माझे मामा वामनराव यांनी पुण्यात बसून लिहिली, आणि या ओट्याखाली बसलेल्या बायकांनी ती त्यांना लिहायला लावली. हे वाक्य मी कागदावर लिहून तपासले आहे. त्यात खोटे काही सापडले नाही.

दुसरा भाग मी वाचीन. शेवटची 'वाचकांची मते' ही पाने मी वाचणार नाही. ती ज्यांची त्या वाचतील. अंबूबाई पाठ करून म्हणू का विचारत होत्या. मी म्हटले, नाही, पाहून वाचायचे. आता त्या रोज येऊन उरलेली अक्षरे शिकतात. मताला लागत नव्हती, ती.

काल बाबांना मी हो म्हटले. पुस्तक मार्चअखेरीला निघाले नाही, तर छापील फर्मे तसेच पाठवा, मी शिवून घेईन, पण दिवस चुकवू नका. गावाला सांगून झाले आहे, आणि संग्रामपूरच्या बाजारातही बायका सांगत सुटल्या आहेत. किल्ला खाली उतरवायला मी मारुतीच्या ओट्यावर बसणार तो दिवस ठरला आहे : गुढीपाडवा, गुरुवार, ५ एप्रिल १९६२.